जुना फोन आणि घरचे वाय-फाय : कपाटातल्या पिशवीने शिकवलेला धडा



गेल्या जूनमध्ये शहरातील एका मंडळीने आपल्या मुलींच्या वसतिगृहासाठी कापडी पिशवीतून आठ जुने मोबाइल फोन पाठवले. वसतिगृह पालघर जिल्ह्यात, जव्हारच्या पुढे डोंगरात आहे. त्या वर्षी दहावीला अकरा मुली होत्या, बहुतेक वारली आणि दोघी-तिघी कातकरी. वसतिगृहात नुकतेच तारेचे इंटरनेट आले होते. आता मुलींना धडे पुन्हा ऐकता येतील, पुस्तके उतरवून घेता येतील, या आनंदात आम्ही पिशवी उघडली.

दोन फोन लगेच वाय-फायला लागले. उरलेल्या सहांपैकी एकही लागेना. तासभर खटपट केली, पासवर्ड तीन-तीनदा टाकून पाहिला, शेवटी कंटाळून सहाही फोन पिशवीत परत घातले, वर "बाद" अशी चिठ्ठी लावली आणि पिशवी कपाटात ठेवली. चिठ्ठी माझ्याच हातची होती.

ऑगस्टमध्ये एका मुलीने विचारले, "सर, त्या पिशवीतले फोन खरंच मेलेत का? चालू तर होतात." दोन फोनांत अकरा मुली आळीपाळीने अभ्यास करत होत्या, शेवटच्या मुलीची पाळी येईपर्यंत दिवे मालवायची वेळ होई. मी तिला "बघू" म्हटले आणि विसरलो. पुढच्या आठवड्यात अभियांत्रिकीला शिकणारा एक स्वयंसेवक मुक्कामाला आला. त्याने अर्ध्या तासात सहापैकी पाच फोन वाय-फायला जोडून दाखवले. सहावा मात्र खरोखरच बाद होता, त्याची बॅटरी फुगली होती. म्हणजे पाच चांगले फोन दोन महिने कपाटात पडून होते. दोष फोनांचा नव्हता, तसा कोणा एकाचाही नव्हता. जुना फोन आणि नवा राउटर यांची भाषा थोडी वेगळी असते, एवढे आम्हाला ठाऊक नव्हते.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा फोन खणात पडला असेल. कोणाला तो आईला भजने ऐकायला द्यायचा असेल, कोणाला आमच्याकडे पाठवायचा असेल. "याला वाय-फाय लागत नाही" म्हणून तो भंगारात जाऊ नये, यासाठी त्या स्वयंसेवकाकडून जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

आधी दोन गोष्टी

पहिली गोष्ट. वाय-फायसाठी फोनमध्ये सिमकार्ड असलेच पाहिजे असे नाही. घरात जी पेटी बसवलेली असते तिला राउटर म्हणतात. तिच्याकडे इंटरनेट तारेतून येते आणि ती ते रेडिओलहरींनी घरभर पसरवते. फोनने त्या लहरी पकडल्या की झाले. त्यामुळे ज्याच्या सिमचा खण मोडला आहे असा फोनही वाय-फायवर चालतो.

जुन्या फोनच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचे आहे. पूर्वीचे अनेक फोन ३जी पर्यंतचेच आहेत आणि आपल्या देशात ३जी सेवा एकेक करून बंद होत गेली. अशा फोनमध्ये आज सिम घातले तर बोलणे कदाचित होईल, पण इंटरनेट गोगलगायीच्या चालीने येईल किंवा येणारच नाही. त्याला घरचे वाय-फाय हाच चांगला रस्ता उरतो.

दुसरी गोष्ट. फोनमध्ये मुळात वाय-फाय आहे का ते पाहा. सेटिंग्जमध्ये वाय-फायचे नावच नसेल, जसे अनेक साध्या बटणांच्या फोनांत नसते, तर पुढचे उपाय लागू होत नाहीत. तो फोन बोलण्यासाठी ठेवा.

आता मुख्य मुद्दा. "वाय-फाय लागत नाही" ही एक तक्रार वाटते, पण तिच्या पोटात तीन वेगवेगळ्या तक्रारी असतात. पहिली, घरच्या वाय-फायचे नाव फोनवर दिसतच नाही. दुसरी, नाव दिसते, पण पासवर्ड टाकून जोडले जात नाही. तिसरी, जोडले जाते, पण काही उघडत नाही. आपली तक्रार यातली कोणती आहे हे आधी ठरवा. आम्ही ते केले नाही. सहाही फोनांवर एकच उपाय, म्हणजे पासवर्ड पुन्हा टाकणे, करत बसलो.

पहिली पायरी : नाव दिसत नाही

राउटर दोन पट्ट्यांवर लहरी सोडतो. एक २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. आकाशवाणीच्या मध्यम लहरी आणि एफएम जशा वेगळ्या, तसेच काहीसे हे. २.४ ची पट्टी थोडी संथ, पण भिंतींतून लांब जाते. ५ ची पट्टी वेगवान, पण एक-दोन भिंती आड आल्या की दमते.

जुन्या फोनांपैकी बरेचसे फक्त २.४ ची पट्टी ऐकू शकतात. कमी किमतीच्या अनेक फोनांत तर २०१७-१८ पर्यंत एवढीच सोय होती. राउटरवर ५ ची पट्टीच चालू असेल, तर अशा फोनच्या लेखी त्या घरात वाय-फायच नाही. रेडिओत जी पट्टी नाही तिच्यावरचे केंद्र कितीही कान फिरवला तरी लागणार नाही.

आमच्याकडे नेमके हेच झाले होते. नेट बसवणाऱ्याने "वेग चांगला मिळेल" म्हणून २.४ ची पट्टी बंद ठेवली होती. स्वयंसेवकाने ती चालू करताच तीन फोनांवर नाव उमटले आणि ते जोडलेही गेले.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. राउटरच्या दोन पट्ट्यांना बहुधा दोन नावे असतात आणि त्यातल्या एकाच्या शेवटी "५जी" असे लिहिलेले असते. याचा मोबाइल कंपन्यांच्या ५जी सेवेशी काही संबंध नाही. ते फक्त ५ गिगाहर्ट्झच्या पट्टीचे नाव आहे. जुन्या फोनसाठी ज्या नावापुढे "५जी" नाही तेच निवडा.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर बहुतेक फोन आपली पट्टी आपण शोधतात. एखादा जुना फोन गोंधळलाच, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन २.४ च्या पट्टीला वेगळे नाव द्यावे.

राउटरच्या सेटिंगमध्ये जायचे कसे? राउटरला आधीच जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडायचा आणि पत्त्याच्या जागी राउटरचा पत्ता टाकायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. टाकताना आकडे इंग्रजी घ्यायचे. नेमका पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड राउटरच्या पाठीवर किंवा तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतात. लक्षात घ्या, हा सेटिंगचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा असतो. स्वतः हात घालायचा नसेल तर नेटवाल्याला फोन करून एवढेच सांगा : "२.४ ची पट्टी चालू करून द्या."

पट्टी चालू असूनही नाव दिसत नसेल तर आणखी दोन कारणे तपासा.

एक, चॅनेल. २.४ च्या पट्टीचे छोटे भाग केलेले असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. आपल्याकडे १ ते १३ चॅनेल वापरतात. अमेरिकेसाठी बनवलेले फोन मात्र बहुधा ११ पर्यंतच ऐकतात. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या जुन्या फोनला घरचे वाय-फाय दिसत नसेल आणि राउटर १२ किंवा १३ वर असेल, तर कारण सापडले. राउटरला १, ६ किंवा ११ यांपैकी एका चॅनेलवर बसवा. ही तीन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत, त्यामुळे शेजारीपाजारी बरीच वाय-फाय असली तरी अडथळा कमी होतो.

दोन, लपवलेले नाव. काही जण सुरक्षिततेसाठी वाय-फायचे नाव दिसू नये अशी व्यवस्था करतात. त्याने फारसे संरक्षण मिळत नाही, जुन्या फोनला त्रास मात्र होतो. नाव उघडे ठेवावे आणि पासवर्ड भक्कम करावा. ते नावही साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवा. देवनागरी नाव किंवा हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे जुन्या फोनवर कधी कधी चौकोन-चौकोन होऊन दिसतात.

दुसरी पायरी : नाव दिसते, पण जोडले जात नाही

प्रथम साधी कारणे. वाय-फायच्या पासवर्डमध्ये लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात. जुन्या फोनचा कीबोर्ड पहिले अक्षर आपोआप मोठे करतो आणि आपल्याला फक्त टिंबे दिसतात. म्हणून "पासवर्ड दाखवा" या चौकटीवर खूण करून डोळ्यांनी वाचून घ्या. शून्य आणि ओ, एक आणि एल यांची गल्लत पाहा. शेवटी रिकामी जागा पडली नाही ना, तेही पाहा.

एकदा चुकीचा पासवर्ड टाकला की फोन तोच लक्षात ठेवतो आणि पुन्हा पुन्हा तोच देत राहतो. अशा वेळी त्या नावावर बोट दाबून धरा, "फर्गेट" म्हणजे "नेटवर्क विसरा" हा पर्याय निवडा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. एवढ्याने बरीच दुखणी बरी होतात.

पासवर्ड बरोबर असूनही फोन नाकारत असेल, तर सुरक्षिततेच्या पद्धतीकडे पाहावे लागते. फोन आणि राउटर यांच्यातले बोलणे इतरांना कळू नये म्हणून ते कुलूपबंद केलेले असते. या कुलपाच्या पिढ्या आहेत. १९९७ ची डब्ल्यूईपी, २००३ ची डब्ल्यूपीए, २००४ ची डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ ची डब्ल्यूपीए-३. अँड्रॉइडमध्ये डब्ल्यूपीए-३ ची सोय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आली. राउटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर ठेवला असेल, तर त्याआधीच्या फोनकडे त्या कुलपाची किल्लीच नसते. फोन बिचारा "पासवर्ड चुकला" किंवा "प्रमाणीकरणात अडचण" असे काहीतरी दाखवतो आणि आपण पासवर्डला दोष देत बसतो.

राउटरमध्ये बहुधा डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ दोन्ही एकत्र चालवण्याची सोय असते. आधी ती लावून पाहावी. काही जुने फोन या मिश्र व्यवस्थेतही अडखळतात. मग २.४ ची पट्टी केवळ डब्ल्यूपीए-२ वर ठेवावी आणि कूटलेखनाच्या ठिकाणी एईएस निवडावे. आमचा चौथा फोन असाच जोडला गेला. राउटरमध्ये सोय असेल तर ५ ची पट्टी नव्या फोनांसाठी डब्ल्यूपीए-३ वरच राहू द्यावी.

येथे एक सावधगिरी. जुना फोन लागत नाही म्हणून कोणी डब्ल्यूईपी लावायला किंवा पासवर्डच काढून टाकायला सुचवले तर ऐकू नका. डब्ल्यूईपीचे कुलूप आज काही मिनिटांत उघडता येते. एका फोनसाठी साऱ्या घराचे दार उघडे टाकणे शहाणपणाचे नाही. जो फोन डब्ल्यूपीए-२ देखील ओळखत नाही, त्याला आता निवृत्त करणेच बरे.

कधी फोन "आयपी पत्ता मिळवत आहे" असे म्हणत तिथेच अडकून राहतो. राउटर प्रत्येक फोनला घरापुरता एक क्रमांक देतो, तोच हा पत्ता. आधी राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. तरी अडले तर त्या नेटवर्कच्या प्रगत सेटिंगमध्ये आयपीच्या जागी "डीएचसीपी" आहे का ते पाहा. पूर्वीच्या मालकाने कार्यालयात वापरताना तेथे ठरावीक क्रमांक घातलेला असू शकतो. फोन घर बदलून आला, पण पत्ता जुनाच सांगतो आहे, असा तो प्रकार.

शेवटचे कारण, परवानगीची यादी. काही संस्थांत राउटरवर ठरावीक फोनांनाच प्रवेश दिलेला असतो. अशा ठिकाणी नव्या पाहुण्याचा मॅक पत्ता त्या यादीत लिहावा लागतो. तो पत्ता फोनच्या सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" आणि मग "स्थिती" येथे सापडतो.

तिसरी पायरी : जोडले गेले, पण काही उघडत नाही

वाय-फायची खूण पूर्ण दिसते, पण पान उघडायला गेले की इशारा येतो : "हे कनेक्शन खाजगी नाही." आमच्या पाचव्या फोनचे हेच दुखणे होते आणि त्यावरचा उपाय ऐकून मला हसू आले. त्या फोनची तारीख १ जानेवारी २०१२ होती.

असे का होते? आजची बहुतेक संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतात. त्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत" अशी मुदत असते. फोन बरेच महिने पडून राहिला, बॅटरी पूर्ण उतरली, की त्याचे घड्याळ मागे जाते. मग २०१२ साली जगणाऱ्या फोनला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेले दिसते आणि तो ते खोटे ठरवतो. म्हणून पडून असलेला फोन चालू केला की सर्वांत आधी तारीख आणि वेळ बरोबर लावा. सिम नसेल तर वेळ आपोआप येईलच असे नाही, ती हाताने लावा.

तारीख बरोबर करूनही काही पाने उघडत नसतील, तर फोनचे वय आडवे येते आहे. प्रमाणपत्र खरे की खोटे हे ठरवण्यासाठी प्रत्येक फोनमध्ये विश्वासू संस्थांची एक यादी असते. फोनला सुधारणा मिळणे थांबले की ही यादीही जुनी होते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशा एका जुन्या, पुष्कळ ठिकाणी चालणाऱ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभर जुन्या उपकरणांवर काही पाने उघडेनाशी झाली. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांच्या यादीत त्याच्या जागी आलेले नवे मूळ प्रमाणपत्र नाही. त्यामुळे अशा फोनवर आज काही पाने उघडतात आणि काही उघडत नाहीत. हा वाय-फायचा दोष नव्हे.

अॅपचेही तसेच. व्हॉट्सअॅपला ऑक्टोबर २०२३ पासून निदान अँड्रॉइड ५.० लागू लागले. अँड्रॉइड ४.४ ला गूगलच्या प्ले सेवांच्या सुधारणा त्याच वर्षी थांबल्या. अँड्रॉइड २.३.७ आणि त्यापूर्वीच्या फोनवर २७ सप्टेंबर २०२१ पासून गूगल खात्यात प्रवेशच करता येत नाही. म्हणून आशा बाळगताना फोनची आवृत्ती पाहून घ्यावी. ती "फोनबद्दल" या ठिकाणी लिहिलेली असते.

मग असा फोन निरुपयोगी झाला का? आमच्या पाचांपैकी एक अँड्रॉइड ४.४ चा आहे. त्यावर व्हॉट्सअॅप चालत नाही. पण पीडीएफ फाइल उत्तम उघडते, आवाज स्पष्ट आहे आणि मेमरी कार्डाची जागा आहे. बालभारती आपली पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य देते. ती आम्ही नव्या फोनवर उतरवली आणि कार्डावरून या फोनमध्ये घातली. दिवाळीच्या सुट्टीत ज्या मुलीने पिशवीबद्दल विचारले होते तीच तो घरी घेऊन गेली. तिच्या पाड्यावर कोणत्याच कंपनीची रेंज नाही. पुस्तकांना रेंज लागत नाही.

जेथे तार पोहोचत नाही

आमचे सेवक ज्या पाड्यांवर जातात तेथे राउटर कोठून असणार? तेथे नवा फोन हाच राउटर होतो. सेवकाच्या फोनमधले हॉटस्पॉट चालू केले की जुने फोन त्याला जोडता येतात. पण येथेही पट्टीची तीच अडचण येते. अनेक नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सुरू करतात आणि जुन्या फोनला ते दिसत नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये पट्टी २.४ करावी. काही अँड्रॉइड फोनांत यालाच "एक्स्टेंड कम्पॅटिबिलिटी" म्हणतात. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये "मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी" असे बटण असते.

मात्र हॉटस्पॉटवर खर्च होतो तो सेवकाच्या सिमचा डेटा. जुने फोन जोडले जाताच मागच्या मागे सुधारणा उतरवू लागतात आणि दिवसाचा कोटा तासात संपतो. आधीच आपोआप होणाऱ्या सुधारणा बंद करून ठेवाव्यात. जड गोष्टी वसतिगृहाच्या वाय-फायवर उतरवून घ्याव्यात आणि पाड्यावर फक्त आवश्यक तेवढेच उघडावे.

सुरक्षिततेच्या चार गोष्टी

जुन्या फोनला नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मध्ये एक उणीव सापडली. नव्या फोनांना तिची दुरुस्ती मिळाली, पण असंख्य जुन्या फोनांना ती कधीच पोहोचली नाही. म्हणून :

• जुन्या फोनवर बँकेचे व्यवहार किंवा यूपीआय करू नका. तो वाचन, ऐकणे, अभ्यास आणि गप्पा यांसाठी ठेवा.

• राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क, म्हणजे "गेस्ट नेटवर्क", असेल तर जुने फोन त्यावरच जोडा. मग त्यांच्यात काही शिरले तरी घरातले संगणक आणि इतर फोन बाजूला राहतात.

• राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदलून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. सोपे मूळ पासवर्ड सर्वांना ठाऊक असतात.

• पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय जुन्या फोनला कधी उपयोगी पडते. पण तिच्या पिन क्रमांकाच्या पद्धतीतील कच्चेपणा २०११ मध्येच उघड झाला आहे. काम झाले की ती बंद करा.

फोन देण्यापूर्वी

आपण कोणाला जुना फोन देणार असाल, आम्हाला किंवा आपल्याच घरातल्या कोणाला, तर कृपया पुढील गोष्टी करा.

आधी आपले खाते फोनमधून काढा, मग फोन मूळ स्थितीत आणा. हा क्रम महत्त्वाचा आहे. चोरीला आळा बसावा म्हणून अँड्रॉइड ५.१ पासून असे कुलूप आले की, खाते न काढता फोन बाहेरून पुसला तर तो पुन्हा चालू होताना जुन्या मालकाचे खाते मागतो. आयफोनमध्ये असेच कुलूप २०१३ पासून आहे. प्रेमाने दिलेला फोन केवळ यामुळे वापरता येत नाही, तेव्हा देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही वाईट वाटते.

सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून घ्या. आपली छायाचित्रे दुसरीकडे ठेवली ना, याची खात्री करा.

मागचे झाकण वर आले असेल, पडदा उचलला गेला असेल किंवा फोन मेजावर ठेवला की डोलत असेल, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन चार्ज करू नका, टोचू नका, टपालाने किंवा कुरियरने पाठवू नका. तो इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

आणि शेवटी, फोन एकदा आपल्या घरच्या वाय-फायला जोडून पाहा. एका कागदावर तीन ओळी लिहा : फोनची आवृत्ती कोणती, २.४ च्या पट्टीवर लागला का, बॅटरी साधारण किती वेळ टिकते. तो कागद आणि चार्जर फोनबरोबर रबराने बांधून ठेवा. आमच्या पिशवीत असे कागद असते, तर मी ती चिठ्ठी लिहिली नसती.

आता वसतिगृहात अकरा मुलींना सात फोन आहेत. अजूनही पाळ्या लावाव्या लागतात, पण शेवटची मुलगी साडेआठला अभ्यासाला बसते. "बाद" लिहिलेली चिठ्ठी मी फाडली नाही, ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. काही लागत नाही असे कोणी सांगत आले की मी आधी तिच्याकडे पाहतो आणि मग विचारतो : दिसत नाही, जोडले जात नाही, की उघडत नाही?

आपल्या खणातला फोनही एकदा बाहेर काढून हाच प्रश्न विचारून पाहा. तो बहुधा अजून उपयोगाचा असेल.